पट्टीवाल्यांचा बाप्तिस्मा

त्या रविवारी संध्याकाळी सिमेंटच्या गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग माणसं रिकाम्या पोत्यांवर बसली आणि उरलेली एकमेकांच्या पायांवर उभी राहिली. समोर लाकडी फळ्यांचं व्यासपीठ, त्याच्या बाजूला निळ्या ताडपत्रीचा हौद, हौदात छातीभर पाणी आणि चारही कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर. देव सर्वत्र असतो म्हणतात, पण इथे त्याच्यापर्यंत आवाज पोहोचवायची सोय जरा जास्तच केलेली होती.

व्यासपीठावर 'पांढरे बूट' येरझाऱ्या घालत होते. हे त्यांचं नाव नव्हे, पण गावात त्यांना सगळे तसंच म्हणत. तीन महिन्यांपूर्वी कुठूनसे आले, गोदाम भाड्याने घेतलं आणि दर रविवारी रोग पळवू लागले. सिमेंटच्या धुळीतही त्यांचे बूट पांढरेशुभ्र राहत. भक्तांना यातही चमत्कार दिसायचा. मला मागच्या खोलीतला बूट पुसणारा माणूस दिसायचा.

"तुला शुगर आहे असं कोण म्हणतं?" पांढरे बूट ओरडले.

"डॉक्टर!" गर्दी म्हणाली.

"डॉक्टरला कोणी घडवलं?"

"प्रभूने!"

"मग रिपोर्ट कुणाचा खरा? वरच्या लॅबचा रिपोर्ट घ्या! तिथे रांग नाही! तिथे उपाशीपोटी यावं लागत नाही!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "माझ्या आयांनो, रोज लेकराचं बोट टोचून रक्त काढता. अरे, रक्त एकदा सांडलंय. दोन हजार वर्षांपूर्वी, क्रुसावर, सगळ्या जगासाठी सांडलंय. ते पुरलं नाही का तुम्हाला? अजून त्या कोवळ्या बोटातलं हवंय?"

माझ्या शेजारची बाई हुंदके देऊ लागली. माणूस ढोंगी असेल, पण बोलायला बसला की दगडाला पाझर फोडेल असा होता.

"आज एक साक्ष ऐका," ते म्हणाले. "मी नाही सांगणार. मी काय, मी प्रभूचा गडी. आज तो सांगेल, जो मला भर चौकात लबाड म्हणाला होता."

आणि व्यासपीठावर माझे भाऊजी चढले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावातल्या लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासत होते आणि लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवून साखर बघत होते, म्हणून गावाने त्यांना 'पट्टीवाले' हे नाव दिलं होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पण पुराव्याशिवाय काहीही मानायचं नाही हे मला कॉलेजने शिकवलं नाही, पट्टीवाल्यांनी शिकवलं. "मास्तर, बोलणाऱ्याचं तोंड बघू नका, नमुना बघा," हे त्यांचं पालुपद होतं. अंगात आलेल्या बाईला त्यांनी एकदा भर घोळक्यात विचारलं होतं, "देवी, तुमचं हिमोग्लोबिन किती?" लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी त्यांना विचारलं होतं, की देवाला मानता का. हे म्हणाले, "दाखवा, मानतो." वडील दोन दिवस जेवले नव्हते.

तो माणूस आज लॅबचा पांढरा अॅप्रन घालून त्या व्यासपीठावर उभा होता.

"माझ्या मुलीला दोन वर्षांपासून शुगर आहे," ते म्हणाले. "लहान मुलांना होते ती. शरीर इन्सुलिन करतच नाही. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. मी या माणसाला खोटं पाडायला आलो होतो. हे म्हणाले, तूच तपास, तुझ्याच पट्टीने. मी तपासलं. एकदा नाही, नऊ दिवस. माझी पट्टी, माझा हात, माझं घड्याळ." मग त्यांचा आवाज फुटला. "साखर नाही. अजिबात नाही. माझ्या लेकीच्या लघवीत साखर नाही!"

त्यांनी अॅप्रन काढून फळ्यांवर टाकला, हौदात उतरले, आणि पांढऱ्या बुटांच्या दोन माणसांनी त्यांना पाठीवर आडवं करून पाण्यात बुडवलं. वर आले तेव्हा ते लहान मुलासारखे रडत होते. गोदाम दणाणलं. हौदाच्या काठाशी ताई गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी भाची होती, नऊ वर्षांची. दिवसभर गरगर फिरते म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. त्या दिवशी मात्र ती आईच्या खांद्याला टेकून निमूट बसली होती.

ताईचं काय झालं होतं हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला मूर्ख समजाल. ती मूर्ख नाही. दोन वर्षं ती रोज दोनदा आपल्या मुलीला सुई टोचत होती आणि मुलगी रोज दोनदा विचारत होती, "आई, अजून किती दिवस?" याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, 'आयुष्यभर'. ते उत्तर नऊ वर्षांच्या मुलीला द्यायचं ताईच्या जिवावर येई. पांढरे बूट भेटले आणि त्यांनी दुसरं उत्तर दिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी कुणी विकायला आणली आहे, हे बुडणारा कसं बघणार?

पट्टी स्वच्छ दिसू लागल्यावर त्यांनी आधी इन्सुलिन अर्ध्यावर आणलं आणि त्या रविवारी, बाप्तिस्म्याच्या दिवशी, बंद केलं.

सोमवारी गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर एक म्हणाला, "पट्टीवाले पाण्यात गेले म्हणजे पाणी खरंच असणार." दुसरा म्हणाला, "किती मिळाले ते विचारा." आमच्या धाकट्या काकांनी फोनवर मला सुनावलं, "तुझ्या बहिणीने घराण्याला काळं फासलं." भिंगरीला शुगर झाली तेव्हा याच काकांनी एक फोनसुद्धा केला नव्हता. चौकातली काही पोरंटोरं भाऊजींच्या दारावर दगड मारून गेली. आमच्या विवेकवादी मंडळाने तातडीची बैठक घेऊन त्यांचं सदस्यत्व रद्द केलं आणि चहा पिऊन सगळे घरी गेले. मुलगी कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. बैठकीत मीही होतो. मीही विचारलं नाही. मला राग आला होता, आणि माझा राग मला फार तत्त्वनिष्ठ वाटत होता.

पण सगळ्यात मोठी गर्दी लॅबच्या खिडकीशी होती. नमुना द्यायला कुणी आलं नव्हतं. सगळ्यांना एकच विचारायचं होतं.

आमचा शिंपी त्यात पुढे होता. माझी प्रत्येक पँट त्याने शिवलेली. त्याच्या तरुण बायकोला लहानपणापासून भिंगरीचाच आजार. दुकानात मशिनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनशेजारी तिचं इन्सुलिन असे. "पट्टीवाले," त्याने खिडकीतून विचारलं, "मला प्रवचन नको. तुम्ही तपासलंत ना?"

"तपासलं," भाऊजी म्हणाले.

"कंट्रोल लावला होता?" हा शब्द त्याने भाऊजींकडूनच उचललेला. रोज सकाळी लॅबमध्ये आधी माहितीतला नमुना तपासतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच पट्टी खरी धरायची. त्याला कंट्रोल म्हणतात.

"लावला होता. कंट्रोल बरोबर आला."

शिंपी "बरं" म्हणाला आणि निघून गेला. भाऊजी खोटं बोलले नव्हते. कंट्रोल खरंच बरोबर आला होता.

मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी ताईकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. भिंगरी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती आणि तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती. गालांची हाडं वर आलेली. तिने तांब्या रिकामा केला आणि म्हणाली, "मामा, अजून एक दे."

"हा चौथा," ताई म्हणाली. "उन्हाळा आहे."

उन्हाळा नव्हता. मी खाली बसून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. तिच्या श्वासाला पिकून सडायला लागलेल्या फळासारखा वास होता. साखर वापरता येत नाही तेव्हा शरीर चरबी जाळतं आणि त्याचा विषारी वास श्वासाला येतो, हे मी दहावीच्या पोरांना शिकवतो. फळ्यावर शिकवणं वेगळं.

"भाऊजी, हिला दवाखान्यात न्या. आत्ता."

भाऊजींनी कपाटातून एक छोटी डबी काढली. पांढऱ्या बुटांच्या संस्थेकडून नमुन्यासाठी रोज मिळायची ती, झाकणाची, पारदर्शक. भिंगरी मोरीत जाऊन ती भरून घेऊन आली. भाऊजींनी पट्टी बुडवली, काढली, घड्याळ लावलं. साखर नसेल तर पट्टी निळी राहते. असेल तर हिरवी होते, आणि खूप असेल तर तपकिरी.

पट्टी निळी राहिली.

"बघा, मास्तर," ते म्हणाले. "तोंड बघू नका, नमुना बघा."

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, आपलंच चुकत असेल तर? समोर मुलगी सुकत चालली होती आणि समोरच पट्टी निळी होती. माझा सगळा विवेकवाद त्या इंचभर कागदापुढे गप्प बसला.

"रक्त तपासा ना! एक थेंब!"

"बोट टोचायचं नाही," ताई मध्ये उभी राहिली. "शब्द दिलाय मी. टोचलं की शंका घेतली, आणि शंका घेतली की सगळं परत येईल. तुला तेच हवंय ना? तू आणि तुझी ती बैठक!"

"ताई, तिच्या तोंडाला वास येतोय."

"रोग निघून जाताना वास येतो. सांगितलंय आम्हाला."

या असल्या लोकांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. बरं वाटलं तर कृपा, वाईट वाटलं तर रोग निघतोय, आणि माणूस मेला तर विश्वास कमी पडला. निघताना मी भाऊजींच्या खोक्यातून दोन कोऱ्या डब्या आणि पट्ट्यांची बाटली उचलली. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताबडतोब घेऊन या. मी थांबते." पण आणणार कसं? आईबापाच्या हातातून मूल ओढून? खरं तर ओढायलाच हवं होतं, असं मला आता वाटतं.

बुधवारी सकाळी आठ वाजता मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकटाच होतो. खेळाच्या दिवसासाठी आणलेली ग्लुकोजची पुडी कपाटात होती. ती मी पाण्यात विरघळवली. निम्मं पाणी काचेच्या चंचुपात्रात ठेवलं, निम्मं संस्थेच्या डबीत ओतलं. दोन पट्ट्या घेतल्या.

चंचुपात्रातली पट्टी पाहता पाहता तपकिरी झाली. डबीतली निळीच राहिली.

मी नव्या पट्ट्यांनी पुन्हा केलं, आणि मग हात धुऊन तिसऱ्यांदा. तेच. पाणी तेच, साखर तीच, डबीत मात्र साखर गायब. दुसरी कोरी डबी मी उजेडात धरली. तळाला चिमूटभर पांढरी पावडर होती. बोटाच्या टोकाने चाखली तर आंबटढाण. थोडी पाण्यात टाकून त्यात आयोडीनचा तपकिरी थेंब सोडला. थेंबाचा रंग पडल्या पडल्या उडाला.

हे मी दरवर्षी पोरांना करून दाखवतो. आयोडीनचा रंग असा उडवते ती क जीवनसत्त्वाची पावडर. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते. साखर असली की पट्टीवर एक रसायन तयार होतं आणि ते रंग बदलतं. ही पावडर भरपूर असली तर ते रसायन रंगापर्यंत पोहोचायच्या आत फस्त करते. साखर असते तिथेच असते. फक्त पट्टीला ती दिसत नाही. चमत्कार पट्टीच्या डोळ्यांत झाला होता, मुलीच्या अंगात नाही.

आणि बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला डबीतली पावडर दिसली नाही? दिसली की! पण बाहेरगावाहून लॅबमध्ये येणाऱ्या काही डब्यांत नमुना खराब होऊ नये म्हणून चिमूटभर पांढरी पावडर घातलेलीच असते. वेगळी, निरुपद्रवी. ती तुम्हा-आम्हाला खटकली असती. पट्टीवाल्यांना खटकली नाही, कारण ते पट्टीवाले होते. आणि कंट्रोल? तो ते नेहमीप्रमाणे लॅबच्या नळीत लावत. लॅबची नळी स्वच्छ, म्हणून कंट्रोल बरोबर. मुलीचा नमुना संस्थेच्या डबीत. दोन्ही एकाच भांड्यात तपासायचं त्यांना एकदाही सुचलं नाही.

मी धावलो, पण थेट ताईकडे नाही. ती माझ्या तोंडावर दार लावणार हे मला ठाऊक होतं. गावात एक जुनं दगडी चर्च आहे, आठ बाकांचं. तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांशी माझी वीस वर्षं वादावादी चालू आहे. ते झाडांना पाणी घालत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी झारी तिथेच टाकली, आत जाऊन काहीतरी खिशात घातलं आणि म्हणाले, "चला. पळता येणार नाही मला, पण चला."

ताईने दार उघडलं. मला बघून ती लावणार, इतक्यात तिला मागे पाद्रीबाबा दिसले. भिंगरी आतल्या खोलीत कॉटवर होती. मोठे मोठे, खोल श्वास घेत होती आणि हाक मारली तर डोळे अर्धेच उघडत होती. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. भाऊजी उशाशी बसून प्रार्थना करत होते.

"पोरी," पाद्रीबाबा ताईला म्हणाले आणि त्यांनी खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं. "हे माझं. मी साठ वर्षं प्रार्थना करतोय आणि सतरा वर्षं हे घेतोय. दोन्ही वेळेवर. मला कुणीही यातलं एक सोडायला सांगितलं नाही. ज्याला तू प्रभू म्हणतेस, त्याने तर मुळीच नाही."

"पण पट्टी..." ताई म्हणाली.

"भाऊजी," मी म्हणालो, "मी देवाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. एकदाच तपासा. साध्या ग्लासात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सकाळची डबी बाजूला सारली. ताईने भिंगरीला उचलून मोरीत नेलं आणि पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास धरला. भाऊजींनी पट्टी बुडवली.

पट्टी निळी होती, हिरवी झाली, तपकिरी झाली, आणि घड्याळाचा काटा अर्ध्यावर जायच्या आत काळपट झाली.

त्याच ग्लासातलं थोडं मी भाऊजींच्या खोक्यातल्या दुसऱ्या कोऱ्या डबीत ओतलं. दुसरी पट्टी. निळी.

भाऊजी त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं मी इथे लिहू शकणार नाही. मग त्यांनी मुलीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच रस्त्यावर धावत सुटले. मागे ताई, मागे मी. पाद्रीबाबा दारात उभे राहून रिक्षा रिक्षा म्हणून ओरडत होते.

दवाखान्यात तिचं बोट टोचलं. मशिनवर आकडा आला नाही, नुसतं 'जास्त' असं आलं. सलाइन लावली, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाई तीन तास तिच्या कॉटपासून हलल्या नाहीत. दुपारी दोनच्या सुमाराला भिंगरीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ताई तिथेच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

भाऊजी रडले नाहीत. ते भिंतीला टेकून उभे होते. एकदम म्हणाले, "अकरा जण."

"काय?"

"सोमवारी खिडकीशी मला विचारून गेले. अकरा जण, मास्तर. मी सगळ्यांना सांगितलं, कंट्रोल बरोबर आला."

आम्ही गावभर पळालो. एका म्हाताऱ्याने इन्सुलिन फेकून दिलं होतं, त्याला नवीन आणून दिलं. एका घरात आम्हाला शिव्या बसल्या, आम्ही खाल्ल्या आणि डबीचा प्रयोग दाखवल्याशिवाय हललो नाही. संध्याकाळपर्यंत दहा जण सापडले. शिंप्याच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, "बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेलाय. बरी झाली ना ती! आईला सांगायचं म्हणून कालच गेली. नवीन साडी नेसून."

माहेरचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. शिंपी फोन उचलत नव्हता. भाऊजींनी त्या दिवशी त्याला किती फोन केले, मी मोजले नाहीत.

गुरुवारी सकाळी शिंप्याची बायको वाटेत, भाड्याच्या गाडीत, दवाखान्यात नेताना गेली. चोवीस वर्षांची होती.

रविवारी गोदाम पुन्हा भरलं. पांढरे बूट पळाले असतील असं मला वाटलं होतं. छे! ते आधीपेक्षा जोरात होते. "आपली एक बहीण गेली," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "का गेली? शंकेने! सैतान चमच्याने शंका पाजतो, माझ्या भावांनो..."

"चमच्याने नाही, डबीने," मागून आवाज आला.

भाऊजी चालत पुढे आले. अंगात अॅप्रन, हातात ट्रे. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण अडवणाऱ्यांना वाटलं, पुन्हा साक्ष द्यायला आलेत. तशी ती साक्षच होती. त्यांनी सगळ्यांसमोर ग्लुकोज पाण्यात कालवलं, ग्लासात ओतलं, डबीत ओतलं. पहिल्या रांगेतल्या एका आजीच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या. "आजी, तुम्हीच बुडवा. मी हात लावत नाही." आजीने बुडवल्या. एक तपकिरी, एक निळी. आजीने त्या डोळ्यांजवळ धरल्या, मग लांब धरल्या, मग पांढऱ्या बुटांकडे बघून विचारलं, "अहो, देव फक्त तुमच्याच डबीत असतो का?"

कुणीतरी हसलं. मग ते हसू गेलं आणि माणसं उठली. पांढरे बूट मागच्या दाराने निघाले, तिथे डॉक्टरीणबाईंनी आणलेले पोलीस उभे होते. हा गृहस्थ पूर्वी लॅबना डब्या-नळ्या पुरवायचं काम करायचा, हे चौकशीत कळलं. म्हणून त्याला लॅबवाल्यांच्या सवयी ठाऊक होत्या. त्याला रोगी नको होता. रोगी ढीगभर मिळतात. त्याला पाण्यात बुडवायला एक न मानणारा माणूस हवा होता.

चौकातली तीच दगड मारणारी पोरं आता दगडी चर्चकडे निघाली. म्हणे, "बघा यांचा धर्म!" मी रस्त्यात आडवा उभा राहिलो आणि ओरडलो, "मुलगी वाचवायला तुमच्यापैकी कोण आलं होतं रे? तो म्हातारा आला होता!" पोरं परत फिरली. माझं पटलं म्हणून नव्हे, मागे पोलिसांची गाडी होती म्हणून.

गोदाम रिकामं झालं तरी शिंपी मागच्या पोत्यावर बसून होता. भाऊजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. हात जोडले.

शिंपी शांतपणे म्हणाला, "त्या बुटवाल्यावर माझा विश्वास नव्हता, पट्टीवाले. कधीच नव्हता. मी तुमच्यावर ठेवला."

त्या रात्रीपासून भाऊजींना धड झोप नाही. ते आता रविवारी दगडी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात. का, ते मी विचारलेलं नाही. मला ते आवडत नाही, पण ते त्यांचं त्यांनी बघावं. कुणी कुणापुढे गुडघे टेकावेत यावर माझं काही म्हणणं नाही. बाकी दिवस ते संध्याकाळी घरोघरी जाऊन लोकांना पट्टी कशी वापरायची ते शिकवतात. भिंगरी बरी आहे. इंजेक्शन घेताना अजून विचारते, "किती दिवस?" आता ताई तिला खरं उत्तर देते.

हे सगळं लिहिलं ते पांढऱ्या बुटांसाठी नाही. असले बूट येतच राहणार. कधी क्रूस घेऊन येतील, कधी भस्म, कधी ताईत, तर कधी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून. लिहिलं ते शिंप्यासाठी. तो अंधश्रद्ध नव्हता. आमच्या गावातला सगळ्यात शहाणा माणूस त्याने शोधला, त्याला नेमका प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मानलं. चूक एवढीच झाली, की माणसाची खात्री त्याने पुरावा समजली. ती चूक आपण सगळे रोज करतो. अमका एवढा हुशार, तोही मानतो, मग असेलच काहीतरी. हुशार माणूसही फसतो. फसला की तो दहाजणांना घेऊन बुडतो, कारण लोक त्याच्या मागे चालतात.

तेव्हा पट्टीवाल्यांवर विश्वास ठेवू नका. पाद्रीबाबांवर ठेवू नका. माझ्यावर तर अजिबात ठेवू नका, मी त्या बैठकीत चहा पीत बसलो होतो. चमत्कार कुणी दाखवला, तर त्याचं भांडं बाजूला ठेवा आणि घरच्या ग्लासात तपासा. एकदा नाही, तीनदा तपासा. दुसऱ्याला तपासायला सांगा. तपासू देत नसेल, तर तो लबाड आहे असं खुशाल समजा.

आणि तोवर इन्सुलिन चालू ठेवा.